जुनं घर, भाडेकरू आणि तीन कोटेशनं: कुणाचं खरं मानू?

जुनी_खिडकी
मावशीचं घर माझ्याकडे आलं, त्याला काही वर्षं झाली. बांधकाम साठ-पासष्ट वर्षांचं. विटांच्या ९ इंची भिंती, काम चुन्यातलं, वर स्लॅब. मी दुसऱ्या शहरात असते. तळमजल्यावर एक वयस्कर जोडपं भाड्याने राहतं. माणसं चांगली आहेत, भाडं वेळेवर येतं, कुरकुर नाही. म्हणूनच मागच्या महिन्यात काकूंचा फोन आला तेव्हा समजले की प्रकरण बरंच पुढे गेलेलं असणार.

झोपायच्या खोलीची बाथरूमला लागून असलेली भिंत ओली झालीय, पोपडे गळताहेत, कपाट भिंतीपासून लांब ओढलंय. तीन जणांना दाखवलं. आकडे मुद्दाम लिहीत नाही, दर गावागणिक बदलतात. सगळ्यात स्वस्ताला १ धरलं तर दुसरं अडीच आणि तिसरं चार.

पहिला म्हणतो, खरवडून पुट्टी आणि वॉटरप्रूफ रंग, आठ दिवसांत भिंत नवी.
दुसरा म्हणतो, सगळं प्लास्टर काढून केमिकल मारून नव्याने करू. त्याने २४० चौरस फूट आणि सिमेंटच्या १२ गोणी असं लिहून दिलंय.
तिसऱ्याचं कोटेशन एका ओळीचं. बाथरूम तोडून नवीन, गच्ची वॉटरप्रूफिंग, पूर्ण वायरिंग, लमसम.

अडचण अशी की दुसरा माणूस काकांच्या भाच्याच्या ओळखीचा आहे. नाही म्हटलं तर काकांना लागेल, हो म्हटलं तर मला रात्रभर झोप नाही. काय करू?

काडीपेटी
तिघेही लुटारूच. मग स्वस्तातला लुटारू बरा!

थापी
काडीपेटी, तुमच्या स्वस्तातल्या माणसाला पुढच्या वर्षी परत बोलवावं लागेल, त्याचा हिशेब धरा.

ताई, चाळीस वर्षं साइटवर गेली माझी. तुमच्याकडे एका कामाची तीन कोटेशनं नाहीत, तीन वेगळ्या कामांची एकेक आहेत. अडीचपट, चारपट ही तुलनाच करता येत नाही. मला एवढंच सांगा, तिघांपैकी एकाने तरी पाणी कुठून येतंय ते सांगितलं का? सांगितलं असेल तर कशावरून, ते विचारलंत का?

आधी काकूंना फोन करा आणि हे विचारा: ओल जमिनीपासून किती उंच चढलीय? वरची कड कशी दिसते? पांढरं काही फुटलंय का? बारा महिने असते की पावसातच? आणि मधला भाग कोरडा ठेवून छताजवळही डाग आहे का? फोन ठेवण्याआधी त्यांना सांगा, ओलीच्या कडेने पेन्सिलने बारीक रेघ मारा आणि शेजारी तारीख लिहा. रोज फोटो पाठवू नका म्हणावं. फोटोत ओल उजेडाप्रमाणे लहानमोठी दिसते, रेघ मात्र जागची हलत नाही.

जुनी_खिडकी
थापीकाका, विचारलं. काकू फार बारकाईने बघणाऱ्या निघाल्या!

उंची साधारण ३ फूट. वरची कड नागमोडी आणि त्या कडेला कापसासारखं पांढरं फुटलंय, बोटाने झटकलं की पीठ पडतं. छताजवळ काही नाही, मधली भिंत कोरडी. उन्हाळ्यातही होती, पावसात थोडी जास्त. शेवटी त्या आपण होऊन म्हणाल्या, "पाहुणे येऊन गेले की दोन-तीन दिवसांनी वाढते बघ." मी हसले, म्हटलं पाहुण्यांचा काय संबंध.

थापी
हसू नका. तिन्ही मिस्त्री मिळून जे बोलले नाहीत ते काकूंनी एका वाक्यात सांगितलं. पाहुणे आले म्हणजे बाथरूमचा वापर वाढला.

आता बघा, किती गोष्टी गळून पडतात. छत आणि मधला भाग कोरडा आहे, म्हणजे गच्चीचं पाणी नाही. ते वरून ओघळत आलं असतं. गच्चीचं वॉटरप्रूफिंग तिसऱ्याने कशाच्या जोरावर घातलं ते त्यालाच ठाऊक. पांढरं फुटतं ते क्षार. पाणी भिंतीच्या आतून येतं, हवेत उडून जातं आणि विरघळलेले क्षार पृष्ठभागावर सोडून जातं. त्यामुळे खोलीतल्या दमट हवेचं पाणी थंड भिंतीवर धरतंय हा प्रकारही बाजूला ठेवू. त्यात काळी बुरशी धरते, बहुधा कोपऱ्यात नाहीतर कपाटामागे, आणि क्षार फुटत नाहीत. तरी शंका असेल तर दीड-दोन फुटांचा प्लॅस्टिकचा कागद चारही बाजूंनी चिकटपट्टीने भिंतीला घट्ट लावा, दोन दिवस ठेवा. थेंब खोलीच्या बाजूला आले तर हवेचं पाणी, भिंतीच्या बाजूला आले तर भिंतीचं.

तर पाणी खालून चढतंय. जमिनीतून येतंय की बाथरूममधून, तेवढंच शोधायचं राहिलंय. पावसात थोडी वाढते म्हणजे जमिनीचाही थोडा हात असू शकेल.

रात्री सगळे नळ बंद करून मीटरचा आकडा लिहून ठेवा, फ्लशची टाकी भरलेली असू द्या. सकाळी कुणी पाणी वापरायच्या आत परत बघा.

जुनी_खिडकी
रात्री अकरा ते सकाळी पाच. आकडा तसूभरही हलला नाही. म्हणजे गळती नाहीच का?

काडीपेटी
सिद्ध झालं. गळती नाही. रंग मारा, मोकळे व्हा.

थापी
अहो, थांबा की जरा! मीटर फक्त दाबाखालच्या नळाचं बोलतं. वापरून झालेलं पाणी जातं ती लाइन मीटरच्या पलीकडे असते. तिथे बादल्याच्या बादल्या मुरल्या तरी मीटरला पत्ता लागणार नाही. मीटर हललं नाही ही चांगली बातमी एवढ्यासाठी, की तिसऱ्याने नव्या बाथरूममध्ये नळाच्या नव्या लाइनी धरल्या असतील तर त्यांवर तूर्त काट मारता येते. (मीटर घराच्या टाकीच्या आधी असेल तर टाकीचा वॉल्व्ह बंद करून टाकीतली पातळी बघावी लागते. तुमच्याकडे कसं आहे?)

फ्लशच्या टाकीतही थोडा रंग टाकून बघा. वीस मिनिटं फ्लश न करता भांड्यात रंग उतरला तर आतला रबर गेलाय. भिंतीशी संबंध नसेल, पण पाणी वाचेल.

फ्यूज
मध्येच घुसतोय, पण हे आधी. त्या भिंतीवर स्विचबोर्ड आहे का?

जुनी_खिडकी
थापीकाका, नळाला थेट लाइन आहे, मध्ये टाकी नाही.
फ्यूज, हो, बोर्ड आहे. कपाटामागे होता, आता उघडा पडलाय. गीझर लावला की मेन पडतो असं काका कधीपासून म्हणताहेत. तिसऱ्याने वायरिंग त्यावरूनच घातलं असावं.

फ्यूज
मग आज संध्याकाळच्या आत त्या बोर्डाची लाइन बंद करायला सांगा. कोटेशनं, चर्चा सगळं नंतर. ओली भिंत आणि जुना बोर्ड एकत्र असताना भाव करत बसू नका. गीझरही बंद ठेवा.

मेन पडतो म्हणजे कोणता खटका पडतो ते विचारा. ज्याच्यावर टेस्टचं छोटं बटण असतं तो आरसीसीबी. घरात तो बहुतेक ३० मिलीअँपिअरचा असतो. गेलेला आणि परत आलेला करंट यांत तेवढा फरक पडला, म्हणजे वीज कुठेतरी भलत्या वाटेने जमिनीत जातेय, की तो पडतो. तो आपलं काम चोख करतोय. "सारखा पडतो म्हणून काढून टाकू" म्हणणारा वायरमन भेटला तर त्याला दारातूनच परत पाठवा.

एकटा गीझर लावल्यावरच पडत असेल तर बहुधा गीझरचं कॉइल गेलंय. त्यासाठी घरभर वायरिंग बदलणं म्हणजे आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. पण तिसऱ्याला लगेच खोटारडा ठरवू नका. साठ वर्षांच्या घरात मूळ वायरिंग तसंच असेल, वायरवर रबर आणि कापडाचं आवरण असेल, अर्थिंगची तार नसेल, तर पूर्ण बदलणं हाच खरा सल्ला. ठरवायचं कसं? वायरमनला मेगर, म्हणजे वायरच्या आवरणातून वीज झिरपते का ते मोजायचं यंत्र, लावायला सांगा. सगळी उपकरणं काढून, मेन बंद करून, ५०० व्होल्टवर इन्सुलेशन मोजतात. प्रत्येक सर्किटचा आकडा कागदावर लिहून घ्या. १ मेगओहमच्या खाली गेलेलं सर्किट नापास. "जुनं झालंय, बदला" हे मत आहे. "बेडरूमचं सर्किट ०.२" ही नोंद आहे, आणि ती दुसऱ्या कुणाकडूनही पडताळता येते.

भाड्याच्या_खोलीतून
भाडेकरूच्या बाजूनेही कुणी बोलायला हवं म्हणून लिहितोय. आमचे घरमालक फार चौकस होते. चार महिन्यांत सहा कोटेशनं मागवली. दर वेळी कुणीतरी यायचं, भिंतीवर हातोडी मारायचं, मान हलवायचं आणि निघून जायचं. आम्ही रजा काढून दार उघडत होतो. बाळाचा खोकला थांबेना तेव्हा घर सोडलं. मालकांना कुणी फसवू शकलं नाही, हे मात्र खरं.

खिडकीताई, तुमच्या काकूंना रोज फोन जात असतील. त्यांना एकदा सांगून टाका की अमुक तारखेपर्यंत तपास, तमुक तारखेला काम, आणि तोवर ती खोली वापरता येत नसेल तर भाड्यात एवढी सूट. करारात दुरुस्तीबद्दल काय लिहिलंय तेही वाचा. भाच्याच्या माणसाचं म्हणाल तर काकांना कमिशन मिळतंय असं धरून चालू नका. ओली भिंत ज्याच्या उशाशी आहे तो ओळखीतला पहिला माणूस बोलावणारच.

जुनी_खिडकी
हे टोचलं, पण पटलं. खरं सांगायचं तर कमिशनचा विचार माझ्या मनात येऊन गेला होता. आज काकांशी बोलले, वीस तारखेपर्यंत कारण शोधू असं ठरलं. सूट मी आपण होऊन सांगितली तर काका गप्पच झाले.

बोर्डाची लाइन बंद केली. गीझर लावला की टेस्ट बटणवालाच खटका पडतो.

शून्य_बाकी
मला बांधकामातलं काही कळत नाही, आकड्यातलं कळतं. २४० चौरस फूट कुठून आले? भिंत मोजलीय का कुणी?

जुनी_खिडकी
काकांनी टेप लावून मोजली. लांबी १२ फूट, उंची १०. त्यात बाथरूमचं दार ७ बाय ३. म्हणजे १२० वजा २१, ९९ होतात. दुपटीहून जास्त लावलेत! आता काय बोलायचं त्या माणसाशी?

काडीपेटी
सापडला चोर. :)

सरळ_ओळंबा
मी स्वतः ठेकेदार आहे, छोटी कामं करतो. शिव्या खायची सवय आहे, म्हणून बिनधास्त लिहितो.

१२ गुणिले १० म्हणजे १२०, आणि दोन बाजू धरल्या की २४०. त्याने भिंतीच्या दोन्ही बाजू धरल्यात. दाराची वजावट केलेली नाही. रिवाजाने एवढ्या मापाच्या दाराची वजावट एकाच बाजूची करतात, कारण दाराच्या कडांचं प्लास्टर वेगळं मोजत नाहीत. तरी २१९ व्हायला हवे होते. पण मूळ मुद्दा निराळाच. पलीकडची बाजू बाथरूमची, तिथे टाइल्स असणार. तिथे तो प्लास्टर कुठे करणार? हे त्याला विचारा, आणि विचारताना "दुप्पट का लावलंत" असं नको. "दोन्ही बाजू धरल्यात का, पलीकडे टाइल्स आहेत ना?" असं विचारा. बघायला न येता फोटोवरून कोटेशन दिलं असेल तर इथेच कळेल.

गोण्यांचं गणित सोपं आहे. १२ मिलिमीटर जाडीचं, एकास चार मालाचं (एक भाग सिमेंट, चार भाग वाळू) प्लास्टर १० चौरस मीटरला केलं तर ५० किलोची साधारण एक गोणी लागते. तुमची एक बाजू ९ चौरस मीटरच्या आसपास. जुनी भिंत वेडीवाकडी असते, जाडी २० पर्यंत जाते, सांडलवंड होते. दोन गोण्या म्हणा. दोन्ही बाजू धरल्या तरी चार. बाराचा हिशेब मलाही लागत नाही.

आता आमची बाजू. जुन्या घराचं काम म्हणजे बंद पेटी. भिंत उघडल्याशिवाय आत काय आहे ते दिसत नाही, आणि मालकाला आजच एक आकडा हवा असतो. मग आम्ही सगळ्यात वाईट धरून लमसम लावतो. वाईट निघालं नाही तर आमचा फायदा, निघालं तर निदान घरचं घालावं लागत नाही. दुसरी गोष्ट कुणी कबूल करत नाही: काम नको असेल तर आम्ही नाही म्हणत नाही, आकडा फुगवतो. एका भिंतीसाठी माणसं अडकवून ठेवणं परवडत नाही. तुमचा तिसरा माणूस कदाचित तुम्हाला नम्रपणे नकार देतोय.

यावर उपाय, काम दोन टप्प्यांत मागा. पहिला टप्पा फक्त उघडून बघण्याचा, त्याची मजुरी ठरवून रोख द्या. आत काय आहे ते दोघांनी मिळून बघितल्यावर दुसऱ्या टप्प्याचे दर. चौरस फुटाला किती, पाइपाच्या फुटाला किती, मजुरी किती, साहित्य कोण आणणार. माप काम झाल्यावर दोघांनी मिळून घ्यायचं. तुम्ही लांब राहता म्हणून सांगतो, बुजवण्याआधी टेप लावून फोटो काढल्याशिवाय पैसे सोडू नका. प्लास्टरखाली काय गेलं ते पुन्हा कुणाला दिसणार नाही. जादा काम निघालं तर आधी फोटो आणि मेसेज, मग तुमचा होकार, मग हात. आणि ॲडव्हान्स साहित्यापुरता द्या, निम्म्याच्या वर कधीच नको.

आणि ताई, एवढं सगळं करून वर घासाघीस करू नका. दर पाडून दिला की आम्ही माल पाडतो.

थापी
ओळंबा, शेवटचं वाक्य सोन्याचं. पण चुन्याच्या भिंतीला एकास चार सिमेंट थापायचं नाही. घट्ट सिमेंट पाण्याची वाट अडवतं, मग ओल आणखी वर चढते आणि चार फुटांवर नवीन पोपडे पडतात. वॉटरप्रूफ रंगाचंही तेच. वाट मोकळी राहील असा चुन्याचा माल लावा. आणि पूर्ण भिंत कशाला? ओल ३ फूट आहे, ४ फुटांपर्यंत खरवडा. दार सोडून ९ फूट गुणिले ४, ३६ चौरस फूट. २४० वरून ३६ वर आलो, आणि अजून रोग सापडायचाच आहे.

उद्या बाथरूमच्या जाळीचं तोंड प्लॅस्टिकच्या पिशवीत कापडाचा बोळा घालून घट्ट बंद करा. दारात ओल्या कापडाचा बांध घाला. इंचभर पाणी साठवा, टाइलवर पातळीला पेन्सिलची खूण करा, २४ तास दार बंद. पातळी उतरली तर फरशीतून मुरतंय.

पैलतीर
थोडं अवांतर विचारते, राग नसावा. आमच्या भाड्याच्या घरात स्लॅबचा तुकडा पडून गंजलेली सळई दिसतेय. एक म्हणतो वरवर भरून देतो, दुसरा म्हणतो अख्खा स्लॅब पाडा. कुणाचं धरायचं?

थापी
दोघांचंही नाही. आज त्या जागेखाली माणूस झोपत असेल तर आधी खाट हलवा.

गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो, म्हणून तो आतून काँक्रीट ढकलून पाडतो. वरवर भरलं की आतला गंज तसाच वाढत राहतो, आणि पुढच्या वेळी भरलेला तुकडाही बरोबर घेऊन पडतो. पण एक तुकडा पडला म्हणून अख्खा स्लॅब गेला असंही नाही. हातोडीने हलकं ठोकत गेलं की पोकळ आवाज कुठवर जातो ते खडूने आखता येतं. ताज्या फोडलेल्या काँक्रीटवर फिनॉल्फ्थॅलीन नावाचं रसायन फवारतात. जिथे गुलाबी होतं तिथे काँक्रीट अजून सळईला जपतंय, रंग येत नाही तिथे हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने ते मारलंय. एकदा एका मालकाला शिडीवर चढवून दाखवलं होतं. सळईच्या अलीकडेच गुलाबी सुरू झालेलं बघून त्या माणसाने तिथेच सुटकेचा श्वास टाकला.

हे काम स्ट्रक्चरल इंजिनिअरला फी देऊन करवून घ्या. दुरुस्तीचं काम तो घेणार नाही हे आधीच ठरवा. त्याची फी डोळ्यांत येते, पण ज्याला पाडण्याचे पैसे मिळणार त्यालाच "पाडायला हवं का" विचारणं हा कुठला हिशेब?

पैलतीर
खाट हलवली. धन्यवाद, काका.

जुनी_खिडकी
२४ तास झाले. काका म्हणतात पातळी खुणेखाली जेमतेम एक रेघ, तीही वाफेने गेली असेल. म्हणजे फरशी पास.

थापी
उत्तम. मीटर पास, फरशी पास. राहिला जाळीखालचा ट्रॅप, म्हणजे पाणी धरून गटाराचा वास अडवणारं भांडं, आणि पुढचा पाइप. आता ओळंबाने सांगितलं तसं उघडून बघण्याचंच काम द्या. फक्त जाळीजवळची एक टाइल. फोडण्याआधी काकांना बादलीभर लाल रंगाचं पाणी जाळीत ओतायला सांगा. आणि शक्य असेल तर तुम्ही स्वतः जा.

जुनी_खिडकी
जाऊन आले. लिहायला उशीर झाला.

भाच्याच्या ओळखीच्या माणसालाच बोलावलं. फोनवर ओळंबांच्या शब्दांत विचारलं होतं, "दोन्ही बाजू धरल्यात का?" तो म्हणाला, "ताई, मी आलोच नव्हतो, फोटो बघून लिहिलं. बाकी मुलाने टाइप केलं." गोण्यांचं काय ते मी विचारलं नाही, त्यानेही सांगितलं नाही. उघडून बघायची मजुरी देते म्हटल्यावर लगेच तयार झाला. असं कुणी विचारत नाही, म्हणाला.

टाइल निघाली. खालचा विटांच्या तुकड्यांचा भराव हातात घेतला तर चिखल, आणि बोटं लाल. ट्रॅपची मान आणि पाइप यांच्या सांध्यातलं सिमेंट तडकून निम्मं गळून गेलं होतं. मिस्त्रीने मला वाकून बघायला लावलं, माझी करंगळी पेरापर्यंत आत गेली. किती वर्षांची आंघोळ त्या फटीतून भिंतीच्या पायात गेली असेल! काकू दारात उभ्या होत्या. म्हणाल्या, "पाहुणे बिचारे उगाच बदनाम झाले."

बाहेरच्या बाजूला थापीकाकांचा दुसरा संशयही खरा निघाला. कुणीतरी कधीतरी अंगणाचा कोबा चढवत चढवत आतल्या फरशीच्या वर नेलाय, आणि पावसाचं पाणी भिंतीलाच टेकतं. तो भिंतीलगत दीड फूट रुंद फोडून उतार बाहेर काढायचा ठरलाय.

काम झालं ते असं: ट्रॅप आणि पहिला चार फूट पाइप नवीन, पाच टाइल्स (जुन्या रंगाच्या मिळाल्या नाहीत, वेगळ्या दिसतात, काकूंची हरकत नाही), गीझरचं कॉइल. मेगरचे आकडे लिहून घेतले. बेडरूमचं सर्किट ०.४ आलं, तेवढं नवीन वायरने केलं आणि बोर्ड समोरच्या भिंतीवर नेला. बाकीची तीन पास. बुजवण्याआधीचे फोटो टेपसकट माझ्याकडे आहेत. कोबा आणि चुन्याचं प्लास्टर बाकी आहे, त्यांचे दर ठरलेत. सगळं धरून पहिल्या स्वस्त कोटेशनच्या दीडपट होतंय.

काडीपेटी
म्हणजे सर्वांत स्वस्तापेक्षा महागच पडलं की!

शून्य_बाकी
पुढच्या वर्षीचा रंग वजा करून सांगा.

सरळ_ओळंबा
मजुरी दिलीत ना त्या दिवशीच? छान. पुढच्या वेळी तुमचा फोन तो पहिल्या रिंगला उचलेल.

जुनी_खिडकी
एक प्रश्न राहिलाय. मिस्त्री म्हणतो पंधरा दिवसांत प्लास्टर करून टाकू. करू का?

थापी
नको. जाड भिंत वाळायला इंचाला महिना असा जुना ठोकताळा आहे. तुमची ९ इंची आहे, दोन्ही बाजूंनी हवा लागली तर लवकर वाळेल, पण तुमच्याकडे एका बाजूला टाइल्स आहेत. खालचे ४ फूट खरवडून विटा उघड्या ठेवा. क्षार कोरड्या ब्रशने झाडा, पाण्याने धुऊ नका, नाहीतर विरघळून परत आत जातील. रेघ काय म्हणते ते बघून ठरवू. दिसायला वाईट दिसेल, काकूंना आधीच कल्पना द्या.

जुनी_खिडकी
सांगितलं. प्लास्टर होईपर्यंत सूट चालू ठेवलीय. काकांनी उघड्या विटांसमोर स्टुलावर पंखा ठेवलाय, बोर्ड आता समोर असल्यामुळे वायर लांबून आणावी लागली, त्यावरून दोघांचं वाजलं म्हणे.

आणि आज सकाळी काकूंचा फोटो आला. खरवडताना त्यांनी मिस्त्रीला दाराच्या चौकटीवर जुन्या रेघेची खूण ठेवायला लावली होती. विटांवरची ओल त्या खुणेच्या चार बोटं खाली आहे. त्यांनी तिथे नवीन रेघ मारलीय, तारखेसकट. पुढची एक तारखेला मारणार आहेत.